बंदूक गावाला द्या, घराला नको

आमच्या ओटीच्या भिंतीत दोन जाड लाकडी खुंट्या आहेत. त्यांवर पूर्वी बाबांची एकनळी, बारा बोअरची बंदूक आडवी टांगलेली असे. बंदूक जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, पण खुंट्या कोणी काढल्या नाहीत. आता एकीवर पंचा वाळत असतो, दुसरीवर आरतीच्या टाळांची पिशवी. गेल्या महिन्यात पुतण्या त्या खुंट्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "आत्या, पुन्हा अर्ज करूया. शेतीसंरक्षणाचा परवाना काढूया. यंदा वानरांनी माडावर काही ठेवलं नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं आगर आहे, माडांचं आणि पोफळीचं. वर कातळाच्या कडेला हापूसची कलमं आणि थोडी काजू. वानरांची टोळी सकाळी आठच्या सुमाराला उतरते. नारळ धरायच्या आधीच खाली पडलेला असतो. कैरी एकदा चावायची, टाकायची, पुढची तोडायची, असं चालतं. रात्री रानडुक्कर येतो आणि सुरण, रताळी, कणगर, जे लावलं असेल ते उलथून जातो. नाचणी आणि वरी तर आमच्या वाडीने लावायचीच सोडली. पडीक वरकस जमिनीत रान माजलं, करवंदीच्या जाळ्या थेट गडग्याला टेकल्या, माणसं मुंबईला गेली आणि डुकरांना घराच्या मागेच लपायला जागा झाली. आम्ही डबे वाजवले, सुतळी बॉम्ब लावले, कुत्रे पाळले, जुन्या साड्यांचं कुंपण बांधलं. पुतण्याने पाइपची कार्बाइड बंदूकही आणली होती, ती मी फेकायला लावली. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच बंदुकांनी किती मुलांचे डोळे गेले ते सगळ्यांनी वाचलंय.

तेव्हा बागायतदारांना सरसकट बंदुकीचे परवाने द्या ही मागणी कुठून येते ते मला कळतं. आमच्या ग्रामसभेतही ती आली, आणि मी एकटीने तिला विरोध केला. लोक रागावले. तिथे पाच मिनिटांत सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी कायदा काय देतो ते पाहू, कारण कायद्यात काहीच तरतूद नाही असं बरेच जण धरून चालतात. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा परवाना द्यावा असं स्पष्ट म्हटलं आहे. ठासणीची पुरी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ सांगतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे दहा गुंठ्यांचा शेतकरीही अर्ज करू शकतो. २०१६च्या नियमांनी प्रशिक्षणाची आणि सुरक्षित साठवणीच्या हमीपत्राची अट घातली. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तेव्हा दार मुळात बंद नाही. अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात हा प्रशासनाचा दोष आहे, आणि त्याबद्दल भांडायलाच हवं.

पण परवाना हातात आला की पुढे काय? ग्रामसभेत हा प्रश्न मी विचारला तेव्हा सगळे गप्प झाले. आमच्याकडचं वानर असो की माकड असो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारता येत नाही. रानडुक्करही त्या कायद्याच्या यादीत आहे. पीक नासवणाऱ्या डुकराला मारायचं तर कलम ११खाली वनखात्याचा लेखी आदेश लागतो. पोलिसांकडचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. म्हणजे कायदा पाळणाऱ्या बागायतदाराने बंदुकीचा खर्च करायचा, काडतुसांचा खर्च करायचा आणि आभाळात बार काढायचा. बाराच्या आवाजाने वानर पळतात हे खरं, पण पंधरा दिवसांत त्यांना आवाजाची सवय होते. मग एक दिवस नळी आभाळातून खाली येते. सगळ्यांना हे ठाऊक आहे. परवान्याची मागणी करताना आपण हे बोलत नाही, आणि मला तीच गोष्ट खटकते. शेतीसंरक्षणाच्या नावाने घेतलेली बंदूक शेवटी रात्रीच्या शिकारीला जाते, डुक्कर वाटून घेतलं जातं आणि सगळी वाडी तोंड बंद ठेवते.

रात्रीच्या त्या शिकारीने आमच्या शेजारच्या वाडीतला एक माणूस घेतला. काजूच्या बागेत तो राखणीला बसला होता. पलीकडून त्याचाच चुलतभाऊ डोक्याला बॅटरी बांधून आला, जाळीत काहीतरी हललं आणि त्याने बार काढला. बंदूक गावठी ठासणीची होती, विनापरवाना. पहाटे पाखाडीवरून डोलीत घालून त्याला खाली आणलं तेव्हा मी आगरात शिंपणं करत होते. डोलीच्या पुढच्या दांड्याला तो चुलतभाऊच होता. त्याने कुणाला खांदा बदलू दिला नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अशा बातम्या वर्तमानपत्रात अधूनमधून येतात, डुक्कर समजून माणसावर गोळी. त्या बातमीमागे दोन घरं संपलेली असतात.

यावर उत्तर येतं ते असं: ती बंदूक बेकायदा होती ना? मग परवाना असलेल्यांना का अडवता? या युक्तिवादात तथ्य आहे, ते मी टाळत नाही. कायदा पाळणाऱ्यावरच कायद्याचा सगळा भार पडतो ही तक्रार आमच्याकडे फार जुनी आहे, आणि निवडणुकीच्या वेळी ती सर्वांत जास्त पटते. २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला. मार्च ते मे म्हणजे काजू आणि आंबा. ज्या तीन महिन्यांसाठी परवाना घेतला, नेमक्या त्याच तीन महिन्यांत बंदूक आचारसंहितेपायी जमा होऊन पोलीस ठाण्याच्या कपाटात. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तरी साठी ओलांडलेल्या, आयुष्यात एकदाही पोलीस केस न झालेल्या म्हाताऱ्याला नोटीस येतेच. तो एसटीने बंदूक कापडात गुंडाळून तालुक्याला नेतो, आणि पावती खिशात घालून परत येतो. त्याचा राग मला समजतो. पण या रागाचा इलाज छाननी नीट करणं हा आहे. आणखी पाचशे बंदुका वाटल्याने तो राग पाचशे घरांत जाईल, एवढंच.

सुरक्षेचं कारणही पुढे केलं जातं. १९९३च्या सुरुवातीला रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, शस्त्रं आणि स्फोटकं उतरली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला वाहून आलेल्या बोटीत एके-४७ सापडल्या. घातपाताचा संबंध निघाला नाही, पण तो दिवस किनाऱ्यावरच्या कुणी विसरलेलं नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात बंदूक हवी, असं आमच्याकडची तरुण मुलं म्हणतात. एके-४७ घेऊन उतरणाऱ्याला आगरातली एकनळी काय अडवणार? किनारा राखायचा तर अनोळखी होडी दिसली की तासाभरात कळवणारा मच्छीमार आणि त्याच्या फोनला उत्तर देणारं ठाणं हवं.

हक्काचा मुद्दा मात्र एवढ्यावर सोडता येत नाही, कारण त्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. पुतण्याचा मित्र न्यू जर्सीला असतो, त्यामुळे आमच्या घरात अमेरिकेचा दाखला रोज असतो. पण हत्यार बाळगण्याच्या हक्काची भाषा आपण अमेरिकेकडून घेतलेली नाही. व्हाइसरॉय लिटनच्या काळातला १८७८चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगू देत नव्हता आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. हा अपमान आपल्या आजोबा-पणजोबांनी गिळला. म्हणूनच १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क आला. घटना समितीत डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला, आणि समितीने ती फेटाळली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, आमच्याच जिल्ह्यातलं. कुणाच्या हातात हत्यार आलं की गावात कुणाची मान खाली जाते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कोकणातल्या गावांत आजही वाटेवरून, विहिरीवरून, देवळाच्या मानावरून, सामायिक जमिनीच्या सातबाऱ्यावरून भावकीत भांडणं असतात. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार यावरून कोयते निघालेले मी पाहिले आहेत. ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि तालुक्याला ओळख आहे त्याचा अर्ज आधी मंजूर होतो. बंदुका सगळ्यांना मिळतील असं म्हणताना त्या कुणाला आधी मिळतील हेही पाहिलं पाहिजे.

याच सह्याद्रीच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाजाला परवान्याच्या अटीतून सूट आहे, आणि ती २०२९पर्यंत वाढवली आहे. मग आम्हाला का नाही, असं विचारणारे आहेत. त्यांच्याकडे बंदुकीची पूजा होते, ती त्यांची परंपरा आहे, मी तिचा अनादर करत नाही. पण जन्मावरून मिळणारी सूट कोकणात आणायची म्हटली तर ती कोणत्या जातीला द्यायची, याचं उत्तर मागणाऱ्यांनी आधी द्यावं.

आणि अमेरिका. तिथे १७९१पासून घटनादुरुस्तीत हा हक्क आहे. २००८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं मान्य केलं, २०२२मध्ये घराबाहेर बंदूक जवळ बाळगण्यापर्यंत नेला. २०१७च्या अंदाजानुसार तिथल्या नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. चांगल्या माणसाकडे बंदूक असली की वाईट माणसाला धाक राहतो, असं तिथे मोठ्या विश्वासाने सांगतात. २४ मे २०२२ला टेक्सासमधल्या उवाल्डे गावच्या शाळेत अठरा वर्षांचा मुलगा शिरला. त्याने बंदूक कायद्याने विकत घेतली होती. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. बाहेर शेकडो सशस्त्र पोलीस जमले होते, आणि ते वर्गात शिरेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. चांगल्या माणसांकडे बंदुका तिथे कमी नव्हत्या.

पण अमेरिकेचा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे. २०२२मध्ये तिथे बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं मेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. या वादात चोराचं, दरोडेखोराचं, दंगलीचं नाव घेतलं जातं. बंदुकीसमोर सर्वांत जास्त वेळा उभा राहतो तो घरातलाच माणूस, आणि बंदूक त्याच्याच हातात असते.

हे मी आकड्यावरून शिकले नाही. जानेवारी १९८२मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि आमचे धाकटे काका परळची खोली सोडून गावी आले. दीड वर्ष ते ओटीवर झोपाळ्यात बसून असत. फार बोलत नसत. गावातली माणसं "काय, कधी सुरू होणार गिरणी?" असं विचारायची, सहज विचारायची. १९८३च्या आषाढातली एक रात्र मला आठवते. बाबा कामाला चिपळूणला गेले होते आणि पावसामुळे तिकडेच अडकले होते. मला जाग आली ती फळीवरचे डबे उघडल्याच्या आवाजाने. कंदिलाच्या उजेडात काका काहीतरी शोधत होते. देव्हाऱ्याखालचा खण, आईची ट्रंक, माळ्यावरची पेटी. ओटीवर बंदूक खुंट्यांवरून उतरवून झोपाळ्यावर ठेवलेली होती.

आईला त्याआधी कधीतरी जाग आली असणार. ती ओरडली नाही, बंदुकीकडे पाहिलंही नाही. चुलीपाशी जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाली, "भावोजी, बसा. चहा घ्या." ते दोघं उजाडेपर्यंत चुलीपाशी बसून होते. काडतुसांचा पत्र्याचा डबा आईने भाताच्या कणगीत खोल पुरलेला होता. बाबांनासुद्धा काडतूस हवं असलं की तिच्याकडे मागावं लागे, आणि ती विचारत असे, किती, कशाला? मला तेव्हा ते विचित्र वाटायचं. आठ दिवसांत बाबांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. गावाला सांगितलं, खर्च झेपत नाही. काका त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. आज मी ज्या पोफळींची सुपारी विकते त्यातल्या निम्म्या त्यांनी लावल्या, पाणी शेंदून वाढवल्या. त्या रात्रीबद्दल घरात कधी कोणी बोललं नाही. ते गेल्यावर आईने मला एवढंच सांगितलं की त्यांना फक्त ती एक रात्र काढायची होती.

ग्रामसभेत परवान्याच्या बाजूने बोलणारे सगळे पुरुष होते. घरात बंदूक असते तेव्हा तिच्याबरोबर राहणारी बाई, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याच्या मागे ती भिंतीवर बघणारी बाई, तिला कोणी विचारलं नाही. कर्ज आहे, फवारणीचा खर्च निघाला नाही, थ्रिप्स किडीने मोहोर गेला, अशा वर्षी एखाद्या बागायतदाराच्या हाताशी भरलेली बंदूक असावी का, हा प्रश्न विचारल्याशिवाय मी कुठल्याही ठरावावर सही करणार नाही.

मग डुकरांनी खाऊ द्यायचं का? नाही. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. पण पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्यांसाठी शेतकऱ्याला तिथे आजही परवाना मिळतो. स्वतःच्या संरक्षणासाठी हवी हे कारण मात्र चालत नाही. काम कोणतं आहे ते दाखवा, त्या कामापुरतं हत्यार घ्या. आपल्या जवळचं उदाहरण केरळचं आहे. तिथे २०२२मध्ये रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे आला, आणि प्रत्यक्ष मारण्याचं काम यादीतल्या परवानाधारक नेमबाजांकडे.

माझं म्हणणं याच वाटेने जाणारं आहे. प्रत्येक घराला बंदूक देण्याऐवजी दोन-चार गावं मिळून तीन-चार माणसं निवडावीत. ग्रामसभेने निवडावीत, पोलिसांनी तपासावीत, नीट प्रशिक्षण द्यावं. नुसत्या प्रमाणपत्राचं प्रशिक्षण नको, चांदण्यात जाळीत काय हललं ते न दिसता बार काढायचा नाही हे अंगात मुरेल असं. बंदुका कुलूपबंद लोखंडी कपाटात, चाव्या दोन माणसांकडे. काडतुसांची वही असावी आणि रिकामं कवच परत दिल्याशिवाय नवं काडतूस मिळू नये. डुकराच्या आदेशासाठी वनपालाने पंधरा दिवस लावायचे नाहीत, पीक तेवढ्यात जातं. मेलेलं डुक्कर पंचनामा करून पुरायचं, मटण कुणाच्याही घरी जाता कामा नये. या एका गोष्टीवर ढिलाई झाली की राखण संपते आणि पारध सुरू होते. या नेमबाजांची छाननी निवडणुकीआधीच झालेली असेल, तर हंगामात बंदूक कपाटात अडकायचं कारण उरणार नाही. आणि त्यांना रात्रीचा मोबदला मिळाला पाहिजे, फुकटची राखण कोणी करत नाही.

वानरांना मात्र या बंदुकीत जागा नाही, कायद्यानेही नाही आणि आमच्या गावच्या मनातही नाही. मारुतीच्या देवळासमोर वानर मारून दाखवा म्हटलं तर परवाना मागणारेच आधी मागे सरतील. त्यासाठी पकडणं, नसबंदी, सौर कुंपण आणि झाडावरच्या फळाचीसुद्धा भरपाई देणारा पंचनामा लागेल. हिमाचल प्रदेशाने माकडांच्या नसबंदीचं काम बरीच वर्षं चालवलं आहे. ते खर्चिक आहे आणि त्याचं फळ सावकाश मिळतं. परवाने वाटणं सरकारला यापेक्षा फार स्वस्त पडतं. म्हणून त्या मागणीला पुढारी इतक्या लवकर हो म्हणतात याचा आपण विचार करावा. उद्या पीक गेलं की ते म्हणणार, बंदूक दिली होती ना तुम्हाला?

पुतण्याशी माझं बोलणं झालं. त्याला काकांची गोष्ट माहीत नव्हती, ती मी त्याला पहिल्यांदा सांगितली. अर्ज त्याने अजून फाडलेला नाही, टेबलाच्या खणात ठेवला आहे. पण गावच्या नेमबाजांचा ठराव त्यानेच लिहून दिला, आणि पुढच्या ग्रामसभेत तो मी मांडणार आहे. काजू मार्चमध्ये पडायला लागते. वनखात्याचा आदेश, पोलिसांची तपासणी आणि प्रशिक्षण त्याआधी उरकायचं तर ठराव याच सभेत व्हायला हवा. बायकांनी त्या दिवशी आगरातलं काम अर्ध्यावर टाकून यावं, असं मी घरोघर जाऊन सांगते आहे.